झाडाने मान टाकली? पाणी घालण्याआधी माती तपासा

रोपवाटिकेत कॅलेथियाचे रोप दिसले की ते घरी न्यावेसे वाटतेच. कुणाच्या पानांवर मोरपिसासारखी नक्षी, कुणाच्या पानांवर गुलाबी रेघा, कुणाचे पान ताटलीएवढे गोल आणि चंदेरी पट्ट्यांचे. पानांची खालची बाजू जांभळट. 'सावलीतले झाड आहे, फार काही लागत नाही,' असे विक्रेता सांगतो आणि काही शे रुपये मोजून रोप दिवाणखान्यात येते. पहिले दोन आठवडे बरे जातात. मग कडा करपू लागतात, पाने सुरळीसारखी वळतात आणि एके दिवशी सगळे रोप मान टाकून बसते. घरातले कुणीतरी लगेच तांब्याभर पाणी ओतते. दुसऱ्या दिवशी रोप आणखी मलूल दिसते, म्हणून आणखी एक तांब्या. महिन्याभरात कुंडी रिकामी होते आणि 'आमच्या हाताला झाडे लागत नाहीत' असा निष्कर्ष निघतो.

दोष हाताचा नसतो. गोंधळ लक्षणाचा असतो. ताप हे जसे अनेक आजारांचे लक्षण आहे, तसेच पाने लोंबणे हेही. पाणी कमी पडले तरी पाने लोंबतात आणि पाणी जास्त झाले तरीही लोंबतात. या दोन्हींचे उपचार मात्र अगदी उलट आहेत. म्हणून उपचाराआधी निदान हवे.

पान ताठ राहते कशामुळे?

झाडाला हाडे नसतात. मोठ्या वृक्षांना लाकडाचा आधार असतो, पण कॅलेथियासारख्या मऊ देठाच्या झाडाची सगळी भिस्त पाण्यावर असते. प्रत्येक पेशी पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी असते. आतले पाणी पेशीच्या भिंतीवर दाब देते आणि त्या दाबामुळे पान ताठ उभे राहते. हा दाब अनेकदा मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दाबापेक्षाही जास्त असतो. पेशीतले पाणी कमी झाले की दाब उतरतो आणि पान खाली येते.

पाण्याचा जमाखर्च सतत चालू असतो. मुळे पाणी शोषतात, देठातल्या बारीक नळ्यांतून ते वर चढते आणि पानांवरच्या सूक्ष्म पर्णरंध्रांतून वाफ होऊन निघून जाते. शोषलेल्या पाण्यातला जेमतेम दोन-तीन टक्के भाग झाडाच्या स्वतःच्या वाढीसाठी वापरला जातो. बाकीचे सगळे हवेत जाते. जमेपेक्षा खर्च वाढला की पाने लोंबतात. खर्च वाढण्याचे कारण हवा असते, तर जमा घटण्याचे कारण माती किंवा मुळे. तपास या तीन ठिकाणीच करायचा.

हळद, केळ आणि कर्दळीचे नातलग

कॅलेथिया मूळचा दक्षिण आणि मध्य अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातला. ब्राझीलच्या दाट जंगलांत त्याच्या अनेक जाती आढळतात. शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये जनुकीय अभ्यासाच्या आधारे यातल्या बहुतेक जाती गोपर्शिया या दुसऱ्या प्रजातीत हलवल्या, पण बाजारात जुनेच नाव चालते. हे झाड वाटते तितके परके नाही. ज्या मरँटा कुळातले ते आहे, त्याच कुळातल्या एका झाडाच्या कंदापासून आरारूट मिळते. थोडे आणखी दूरचे नाते पाहिले तर हळद, आले, केळ, कर्दळ आणि सोनटक्का ही सगळी याच गणातली मंडळी. हळदीसारखाच कॅलेथियालाही जमिनीखाली गड्डा असतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे ती उपयोगी पडणार आहे.

जंगलात या झाडांची जागा अगदी तळाशी असते. वरच्या उंच वृक्षांच्या छत्रातून गाळून येणारा प्रकाश तळापर्यंत पोचतो तो एखाद-दोन टक्केच. वारा जवळजवळ नाही. हवा बारा महिने दमट. माती म्हणजे कुजलेल्या पानांचा भुसभुशीत थर, ज्यात ओल कायम असते, पण पाणी साचत नाही. पाऊस पडतो तो जवळपास क्षारविरहित. कॅलेथियाची 'नाटके' म्हणतात ती याच सवयींतून आलेली आहेत. आपल्या घरात त्याला कोरडी हवा, चिकट माती, क्षारयुक्त पाणी आणि खिडकीतले ऊन यांच्याशी एकाच वेळी जमवून घ्यावे लागते.

रोज हलणारे पान आजारी नसते

निदानाची पहिली पायरी म्हणजे घड्याळ पाहणे. कॅलेथिया आणि मरँटा यांची पाने दिवसा आडवी पसरतात आणि संध्याकाळी उभी होऊन एकमेकांना टेकतात. रात्री पाने हात जोडल्यासारखी दिसतात, म्हणून इंग्रजीत यांना 'प्रेअर प्लांट' म्हणतात. नव्याने रोप आणलेल्यांना ही हालचाल बिघाडासारखी वाटते. 'सकाळी पाने वर होती, दुपारी खाली आली' ही तक्रार पुष्कळदा याच स्वाभाविक हालचालीची असते.

ही हालचाल होते ती पान आणि देठ यांच्या सांध्यावरच्या फुगीर भागामुळे. त्याला पल्व्हायनस म्हणतात. या सांध्याच्या एका बाजूच्या पेशी पाणी घेऊन फुगतात आणि दुसऱ्या बाजूच्या पाणी सोडून आकसतात. त्यामुळे पान वर उचलले जाते. लाजाळूचे पान मिटते तेही अशाच सांध्यामुळे. फ्रान्समधील जाँ-जाक द मेराँ यांनी १७२९ मध्ये लाजाळूचे रोप अंधारात ठेवून पाहिले, तर प्रकाश नसतानाही त्याची पाने ठरावीक वेळी उघडमीट करत राहिली. सजीवांच्या आत स्वतःचे घड्याळ असते, या कल्पनेची सुरुवात येथे झाली. या जैविक घड्याळाची रेणूंच्या पातळीवरची यंत्रणा फळमाशीत उलगडून दाखवणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल मिळाले.

वनस्पतींच्या हालचालींचा विषय निघाला की जगदीशचंद्र बोस यांची आठवण होणारच. फरीदपूरजवळ, म्हणजे आजच्या बांगलादेशात, एक खजुराचे झाड होते. संध्याकाळी देवळातल्या घंटा वाजू लागल्या की ते झाड वाकून नमस्कार करते, अशी लोकांची श्रद्धा होती. बोस यांनी झाडाला नोंदणीयंत्र जोडले. ही हालचाल केवळ संध्याकाळी नव्हे, तर दिवसरात्र संथपणे चालू असते आणि तिचा संबंध तापमानाच्या चढउताराशी आहे, हे त्यांच्या नोंदींतून दिसले.

घरच्या कॅलेथियाची पाने रात्री उभी होत असतील तर सांधे आणि मुळे बहुधा ठीक आहेत, असे समजावे. रात्रीही पाने लोंबलेलीच राहिली, किंवा देठ बुडापासून वाकले, तर खरी तक्रार आहे.

बोट, वजन आणि वास

दुसरी पायरी मातीची. मातीत बोट दोन पेरे खोल घालावे. वरचा थर कोरडा पण आत ओल असेल तर पाणी घालू नये. मग कुंडी उचलून पाहावी. पाणी दिल्यानंतरचे वजन एकदा हाताला कळले की हलकी कुंडी लगेच ओळखू येते. शेवटी तळाच्या छिद्राशी नाक नेऊन वास घ्यावा. निरोगी मातीला पहिल्या पावसासारखा वास येतो, तर कुजत्या मुळांना गटारासारखा.

माती कोरडी, कुंडी हलकी आणि पाने आत वळलेली असतील तर झाड तहानलेले आहे. पण वरून भराभर पाणी ओतून उपयोग होईलच असे नाही. आजकाल बहुतेक रोपे कोकोपीटमध्ये येतात. कोकोपीट पूर्ण वाळले की आकसते आणि कुंडीच्या कडेला फट पडते. ओतलेले पाणी त्या फटीतून थेट खाली जाते, ताटलीत जमा होते आणि आपण समजतो की झाडाला पाणी मिळाले. मुळांभोवतीचा गोळा मात्र कोरडाच राहतो. अशा वेळी कुंडी बादलीभर पाण्यात अर्धी बुडेल अशी अर्धा तास ठेवावी. माती खालून पाणी ओढून घेते. मग ती बाहेर काढून निथळू द्यावी. मुळे शाबूत असतील तर पाने काही तासांत, फार तर एका दिवसात वर येतात.

ओल्या मातीतली तहान

आता अवघड प्रकार. माती ओली आहे, कुंडी जड आहे आणि तरीही पाने लोंबली आहेत. घरातली बहुतेक झाडे याच टप्प्यावर मरतात, कारण लोंबलेली पाने पाहून कुणीतरी पुन्हा पाणी घालते.

मुळेही श्वास घेतात. भुसभुशीत मातीच्या कणांमध्ये हवेच्या पोकळ्या असतात आणि मुळांना त्यातून ऑक्सिजन मिळतो. रोज पाणी घातले की या पोकळ्या पाण्याने भरतात. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो, त्यामुळे मुळे गुदमरतात. गुदमरलेल्या मुळांच्या पेशींमधली आम्लता वाढते आणि पाणी आत घेणारी प्रथिनांची सूक्ष्म दारे बंद होतात. या दारांना अ‍ॅक्वापोरिन म्हणतात. त्यांच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. दारे बंद झाली की मुळे पाण्यात बुडालेली असूनही वर पानांना पाणी पोचत नाही. पाठोपाठ पिथियमसारखे रोगजंतू कमजोर मुळांवर हल्ला करतात आणि मुळे कुजतात.

खालची पाने पिवळी पडणे, देठ बुडाशी मऊ होणे, मातीवर बारीक चिलटे घोंगावणे, ही याची खूण. अशा वेळी पाणी तर बंद करावेच, शिवाय रोप कुंडीतून बाहेर काढून मुळे पाहावीत. पांढरी किंवा फिकट, टणक मुळे जिवंत असतात. काळी, बोटांनी दाबताच साल निसटणारी मुळे मेलेली असतात. ती स्वच्छ कात्रीने कापून टाकावीत. मुळे कमी झाली म्हणून पानेही काही कमी करावीत, म्हणजे जमाखर्च जुळतो. मग ताज्या, भुसभुशीत मिश्रणात, उरलेल्या मुळांना पुरेल एवढ्याच लहान कुंडीत रोप लावावे. सुधारायला काही आठवडे लागतात. या काळात खत देऊ नये. अशक्त मुळांना खतातले क्षार आणखी भाजून काढतात.

माती आणि तळाची खडी

अनेक रोपे चिकट लाल मातीच्या गोळ्यात लावून विकली जातात. वाहतुकीला ते सोयीचे असते, पण घरातल्या कुंडीत हा गोळा एकतर चिखल होतो किंवा विटेसारखा घट्ट. कोकोपीट, चाळलेले गांडूळखत आणि पर्लाइट यांचे मोकळे मिश्रण कॅलेथियाला मानवते. पर्लाइट मिळाले नाही तर विटांचा बारीक चुरा किंवा लाकडी कोळशाचे तुकडे चालतात.

कुंडीच्या तळाला खडीचा थर दिला की निचरा सुधारतो, हा समज मात्र सोडून द्यायला हवा. बारीक कणांच्या मातीतले पाणी खालच्या मोठ्या खडीत सहज उतरत नाही. ते मातीच्या तळाशीच अडून राहते. खडीमुळे कुंडीतली मातीची उंची कमी होते आणि ओला थर मुळांच्या आणखी जवळ येतो. निचरा हवा असेल तर संपूर्ण मिश्रणच भुसभुशीत करावे आणि तळाला छिद्र आहे याची खात्री करावी.

हवा, एसी आणि कूलर

माती ठीक, मुळे ठीक, तरी दुपारी पाने गळतात आणि रात्री सावरतात, तर कारण हवेत शोधावे. तापमान २५ अंशांवरून ३५ अंशांवर गेले की हवेची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे पावणेदोन पट होते. अशी हवा पानांतून पाणी अक्षरशः ओढून घेते. म्हणून मुंबईत किंवा रत्नागिरीत बऱ्यापैकी वाढणारे कॅलेथिया एप्रिल-मेमध्ये नागपूर, जळगाव किंवा सोलापुरात कडा करपवून घेते. एसीच्या खोलीत तापमान कमी असले तरी हवा कोरडी असते, आणि थंड झोत थेट पानांवर आला तर नुकसान दुप्पट. विदर्भातला डेझर्ट कूलर मात्र या झाडाला मानवतो, कारण तो हवेत ओल सोडतो. फक्त रोप त्याच्या झोतासमोर नको.

पानांवर पाणी फवारण्याचा परिणाम काही मिनिटेच टिकतो. त्यापेक्षा चार-पाच कुंड्या जवळजवळ ठेवणे अधिक फायद्याचे, कारण त्या एकमेकींच्या बाष्पाचा लाभ घेतात. उजेड असलेल्या न्हाणीघरात हे झाड आनंदाने राहते. हवा फार कोरडी राहिली तर पानांच्या मागे लाल कोळी होतात. बारीक जाळे आणि पानांवर फिकट ठिपके दिसले तर दोन्ही बाजू ओल्या कापडाने पुसाव्यात आणि आठवड्याच्या अंतराने निंबोळी तेलाची पातळ फवारणी करावी.

पावसाळ्यात उलटे होते. हवा दमट, उजेड कमी, म्हणून झाडाचा पाण्याचा खर्च घटतो. उन्हाळ्यातले वेळापत्रक तसेच चालू ठेवले तर जुलै-ऑगस्टमध्ये मुळे कुजतात. म्हणून 'दर दोन दिवसांनी' असा नियम न करता बोट काय सांगते ते पाहावे.

कोणते पाणी द्यावे?

पाने ताठ आहेत, पण टोके आणि कडा तपकिरी होत आहेत, तर पाण्यातल्या क्षारांवर संशय घ्यावा. पानांतून पाण्याची वाफ होते, क्षार मात्र मागे उरतात आणि पानाच्या टोकाशी साठतात. या कुळातली झाडे फ्लोराइडलाही संवेदनशील असतात. राज्यात यवतमाळ, चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांत अनेक ठिकाणी भूजलात फ्लोराइड जास्त आहे. बोअरवेलच्या जड पाण्यानेही हाच त्रास होतो.

नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवले तर क्लोरीन उडून जातो, पण क्षार आणि फ्लोराइड तसेच राहतात. आरओ यंत्रातून बाहेर पडणारे वाया जाणारे पाणी झाडांना घालण्याची पद्धत पाणीबचतीच्या हेतूने चांगली वाटते, पण त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा अधिक दाट झालेले असतात. कॅलेथियाला ते देऊ नये, त्याने लादी पुसावी. पावसाचे साठवलेले पाणी सर्वांत उत्तम. एसीतून ठिबकणारे पाणीही जवळपास क्षारविरहित असते आणि ते घरातल्या शोभेच्या झाडांना चालते. महिन्यातून एकदा भरपूर पाणी घालून ते तळातून वाहू दिले तर साठलेले क्षार धुऊन निघतात.

आरोग्याचे दावे आणि खरा धोका

घरातली झाडे हवा शुद्ध करतात, हे वाक्य विक्रेत्यांच्या तोंडी असतेच. त्याचा उगम अमेरिकेच्या नासा संस्थेच्या १९८९ च्या अहवालात आहे. ते प्रयोग लहान, हवाबंद पेट्यांमध्ये झाले होते. आपली घरे तशी हवाबंद नसतात. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला. दारे-खिडक्या आणि फटींतून होणाऱ्या हवेच्या नेहमीच्या अदलाबदलीची बरोबरी करायची तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडे लागतील, असा हिशोब त्यात निघाला. शुद्ध हवेसाठी खिडकी उघडावी. झाड ठेवावे ते आवडते म्हणून.

लहान मुले किंवा मांजर-कुत्री असलेल्या घरांना कॅलेथियाची एक बाजू सोयीची आहे. हे झाड विषारी मानले जात नाही. डिफेनबेकिया, पीस लिली आणि मनी प्लांट यांच्यात मात्र कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावले तर तोंडाची आग होते आणि सूज येते. ही झाडे मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवावीत.

घरातल्या कुंड्यांपासूनचा सर्वांत मोठा धोका कुंडीखालच्या ताटलीत असतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातल्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. ताटली, मनी प्लांटची बाटली आणि कूलरची टाकी या त्याच्या आवडत्या जागा. उन्हाळ्या-पावसाळ्यात अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस पुरतात. अंडी भांड्याच्या कडेला घट्ट चिकटतात आणि कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. म्हणून पाणी फेकून देणे पुरेसे नाही. ताटली घासायला हवी. दमटपणासाठी ताटलीत खडे आणि पाणी ठेवण्याचा सल्ला परदेशी पुस्तकांत सर्रास असतो. त्याने हवेतली ओल फारशी वाढत नाही आणि आपल्याकडे तो डासांना आमंत्रण ठरतो. तो पाळू नये.

टाकून देण्याआधी

सगळी पाने करपली तरी रोप मेले असे नाही. हळदीचा पाला वाळल्यावर जमिनीत गड्डा जिवंत असतो, तसेच येथे होऊ शकते. वाळलेली पाने बुडाशी कापून गड्डा दाबून पाहावा. तो टणक असेल तर मोकळ्या मिश्रणात लावून, खिडकीपासून थोडे आत, थेट ऊन न लागणाऱ्या उजेडात ठेवावा आणि माती जेमतेम ओलसर राखावी. काही आठवड्यांत सुरळी केलेले नवे पान वर येऊ शकते. गड्डा मऊ आणि दुर्गंधी असेल, तरच तो टाकून द्यावा.

आरोग्य विभाग आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला सांगतो. तोच दिवस झाडांच्या तपासणीचाही ठेवावा. ताटल्या घासाव्यात, मनी प्लांटचे पाणी बदलावे, कूलरची टाकी रिकामी करावी, पानांची मागची बाजू पाहावी आणि प्रत्येक कुंडीत बोट घालून ज्या झाडाला पाणी हवे त्यालाच द्यावे. पाच-सहा कुंड्यांच्या घरात या कामाला पाऊण तासही लागत नाही.